जोडीदार निवडताना गोरा रंग आवडणे ही निव्वळ वैयक्तिक आवड असते का?

पूर्णपणे नाही. आवड आपली वाटते खरी, पण ती घडते अशा घरांत, जिथे स्थळाच्या परिचयपत्रात उंचीच्या खालीच ‘वर्ण’ हा रकाना असतो आणि सावळ्या मुलीची आईच तिथे ‘निमगोरी’ लिहून मोकळी होते (मुलाच्या बाबतीत तो रकाना बहुधा रिकामाच राहतो). १९७५पासूनची ‘फेअर अँड लव्हली’ २०२०मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली, आणि त्याच वर्षी टीकेनंतर शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. तरीही डेटिंग ॲपवर फोटो टाकण्याआधी चेहरा दोन छटा उजळवून घेण्याची सवय काही सुटलेली नाही. आकर्षण हुकमाने बदलत नाही, हे मान्य. मात्र सावळा चेहरा दिसताच, खालची ओळही न वाचता, बोट नकारासाठी डावीकडे सरकत असेल, तर त्याला केवळ आवड म्हणणे मला पटत नाही.