‘एक बाटली लावा की, डॉक्टर’

कोल्हापूर,
श्रावणातला रविवार

प्रिय डॉक्टर,

नावामागे ही उपाधी लागल्यापासून मी तुला याच नावाने हाक मारतो. त्यात थोडी चेष्टा आहे आणि बराचसा अभिमान आहे, हे तुला ठाऊक आहेच.

राधानगरीकडच्या दवाखान्यात बसून तुला तीन महिने झाले. रोज पाचसहा जण येतात, ‘लई थकवा आलाय, एक बाटली लावा की’ म्हणतात, नाही म्हटले तर चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात जातात आणि लावली तर दुसऱ्या दिवशी हसत येऊन फरक पडल्याचे सांगतात, असे तू लिहिले आहेस. फरक पडतो हे डोळ्यांनी दिसत असताना आणखी पुरावा कसला हवा, असा तुझा प्रश्न आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ती बाटली हातात घे आणि लेबल वाच. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर पाच चमचे. नॉर्मल सलाईनची असेल तर साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे एक चमचाही नाही. पिवळी बाटली अधिक ताकदीची असे लोक मानतात, पण तो पिवळा रंग आपणच टोचलेल्या बी जीवनसत्त्वाचा असतो आणि त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत लघवीवाटे निघून जाते. आपल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळून मिळणाऱ्या म्हशीच्या दुधाच्या एका पेल्यात या बाटलीपेक्षा जास्त ताकद आहे, आणि त्यासाठी हाताची शीर शोधावी लागत नाही.

तरीही पेशंटला बरे वाटते, आणि ते खोटे नसते. तो तीन तास पंख्याखाली आडवा पडतो, कोणीतरी मधून मधून येऊन त्याची विचारपूस करते, सोबत दिलेल्या पॅरासिटामॉलने ताप उतरतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा आजार त्याच्या चालीने उतरणीला लागलेला असतो. माणूस दुखणे अंगावर काढतो आणि अगदी सहन होईनासे झाले की आपल्याकडे येतो. शिखरावर आलेले दुखणे पुढे बहुतेक वेळा खालीच येते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण काहीतरी दिलेले असते. म्हणून ‘दिल्यावर काय झाले’ एवढे पाहून भागत नाही. ‘दिले नसते तर काय झाले असते’ हे विचारावे लागते. एका पेशंटकडून याचे उत्तर मिळत नाही, कारण तोच माणूस एकाच वेळी बाटली लावून घेतलेला आणि न लावलेला असू शकत नाही. म्हणूनच सारख्या माणसांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे आणि दोघांकडे सारखेच लक्ष द्यायचे, एवढा खटाटोप करावा लागतो.

एवढ्यावरून सलाईनला नावे ठेवू नकोस. हगवणीने डोळे खोल गेलेल्या, नाडी लागत नसलेल्या माणसाला तीच बाटली जीवदान देते आणि तिथे मिनिटांचा हिशेब असतो. याच बाटलीची टंचाई एकदा फार मोठी शिकवण देऊन गेली. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून लोकांना तोंडाने पाजायला लावले, आणि जिथे शंभरातले तीसेक दगावत होते तिथे मृत्यू तीन-चारांवर आले. तिथे कोणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. पण फरकच इतका मोठा होता की त्याला दुसरे स्पष्टीकरण लावणे अवघड होते. थकव्यासाठी लावलेल्या बाटलीचा परिणाम तसा नसतो, म्हणून तिथे नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही.

तू म्हणशील, निदान कारणमीमांसा पटण्यासारखी असली तर औषध द्यायला काय हरकत आहे? मीही तुझ्या वयात असेच म्हणत असे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या ईसीजीत जादा ठोके दिसले तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे माहीत होते. ते ठोके दाबणारी औषधेही हाती होती. मग ठोके दाबले की माणूस वाचेल, यात चूक ती कोणती? अमेरिकेत एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांची चाचणी झाली, तीही ज्यांचे ठोके या औषधांनी खरोखर दबतात अशांनाच निवडून. १९८९ मध्ये या दोन औषधांपुरती ती मधेच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते आणि दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी स्वच्छ होत होता आणि माणसे जात होती. त्यामुळे कागदावरचा आकडा सुधारला, असे कोणी सांगितले की माणसाचे काय झाले, हे मी आधी विचारतो.

हे सगळे ठाऊक असूनही मी घसरलो, तेही सांगून टाकतो. २०२० च्या सप्टेंबरात माझ्या मेहुण्यांना कोविड झाला, तेव्हा बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी (रक्तातल्या द्रव भागासाठी) मी रात्री दोनपर्यंत फोन फिरवत होतो. त्याच महिन्यात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) केलेल्या प्लाझ्माच्या चाचणीचे निष्कर्ष समोर आले होते. देशभरातल्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांत, आजार बळावणे किंवा मृत्यू हे प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के आणि न घेतलेल्यांत १८ टक्के होते. मी तो अहवाल वाचला होता आणि तरीही फोन फिरवत होतो, कारण हातावर हात ठेवून बसणे मला जमेना. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडले. तेव्हा पेशंटचे नातेवाईक ‘काहीतरी करा हो’ म्हणतील तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. ‘काहीतरी’ची ती भूक आपल्यालाही तितकीच असते.

पुरानंतर लेप्टो (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून द्यायच्या डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाबद्दल तू शेवटी ओझरते विचारले आहेस, पण मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे पुरावा आहे, आणि चांगला आहे. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांतल्या निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिले. त्यांच्यात लेप्टोचा एक रुग्ण निघाला आणि उरलेल्यांत वीस. म्हणजे बचाव सुमारे ९५ टक्के. आता हिशेब कर: त्या जंगलात शंभरातल्या चौघांना आजार होत होता, म्हणून साधारण पंचवीस जणांना गोळ्या दिल्या की एकाचा आजार टळला. समज, आपल्याकडे पूर ओसरल्यावर दहा हजारांतल्या चौघांनाच तो होणार असेल, तर एकाचा टाळण्यासाठी अडीच हजारांहून जास्त माणसांना गोळ्या द्याव्या लागतील, आणि त्यांतल्या कित्येकांची पोटे बिघडतील. बचाव दोन्हीकडे ९५ टक्केच. औषध कंपनीचा एमआर जे चकचकीत पत्रक टेबलावर ठेवून जातो त्यावर हा ९५ मोठ्या अक्षरांत असतो. शंभरातले चार की दहा हजारांतले चार, हे तुलाच विचारावे लागते. पायाला चिरा पडलेल्या आणि गोठ्यातला गाळ उपसणाऱ्या माणसाला मी गोळी देईन, अख्ख्या तालुक्याला वाटणार नाही. गर्भवती आणि लहान मुले यांचा विचार तर वेगळाच करावा लागतो. माझा हा निर्णय चुकीचा ठरूही शकतो, पण तो कशावर उभा आहे हे मी तुला दाखवू शकतो.

राहिला तुझा चौकातल्या दवाखान्याचा प्रश्न. नुसते ‘गरज नाही’ म्हणून कोणाला परत पाठवू नकोस. त्याला अपमान वाटतो. त्याला बसव, जीभ बघ, रक्तदाब घे, हिमोग्लोबिन तपास (बायकांच्या थकव्यामागे पुष्कळदा तेच निघते), आणि लेबल वाचून दाखव. काही जण तरीही जातील, त्यांना जाऊ दे. मात्र एक वही कर. ज्याला बाटली लावली नाहीस त्याचे नाव, फोन नंबर आणि त्याचे पुढे काय होईल असा तुझा अंदाज त्याच दिवशी लिहून ठेव, आणि सातव्या दिवशी फोन कर. बाटली लावलेल्यांचेही असेच लिही. परत न आलेला पेशंट बरा झाला असे आपण सगळेच धरून चालतो, आणि तोच नेमका दुसरीकडे गेलेला असतो. ही वही म्हणजे चाचणी नव्हे, कारण कोणाला बाटली लावायची ते तूच ठरवणार आहेस. पण तुझा अंदाज किती वेळा चुकतो, ते तिच्यातून कळेल.

पन्नास नावे झाली की वही घेऊन ये. दुपारी ये म्हणजे दवाखाना रिकामा असतो, आणि तुझ्या काकूंनी पांढऱ्या रश्शाचे कबूल केलेलेच आहे.

तुझे,
सर