वडिलांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी जन्मलेले पणजोबा

प्रश्न : आमच्या वंशावळीत पणजोबांचे वडील म्हणून सखाराम हे नाव आहे. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातही तेच सापडलं : 1875 साली दाखल, वय 7, वडील सखाराम. पण घरातल्या मोडी गहाणखतात, शके 1782च्या माघात, शेत गहाण ठेवणारी 'गंगाबाई कोम सखाराम मयत' आहे. त्याच शेतावर पुढे पणजोबांचं नाव लागलं. मोडी चुकीचं वाचलं गेलं का? की सखाराम दोन होते? आजी एवढंच म्हणायची की पणजोबांना 'आणलं होतं'.
— एक वाचक, वाई

उत्तर : तुम्ही पाठवलेला गहाणखताचा फोटो मी तीन वेळा वाचला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे नावांत घोटाळे होतात. इथे मात्र 'मयत' स्वच्छ आहे. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. शकात एरवी 78 मिळवतो, पण माघ-फाल्गुनात 79, कारण तोवर इंग्रजी साल पालटलेलं असतं. म्हणजे हे 1861. शाळेत वय दोन-तीन वर्षं कमीजास्त लिहिलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. पण सखाराम हयात असताना जन्मलेला मुलगा 1875 साली निदान तेरा-चौदा वर्षांचा असता. त्याला कोणी सात लिहिणार नाही.

दोन सखाराम असणं अशक्य नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल, त्यामुळे दोन चुलतभाऊ एकाच नावाचे निघतात. पण शेत गंगाबाईंचं आणि पुढे ते पणजोबांकडे आलं. म्हणून मी आजींच्या शब्दावर विश्वास ठेवीन. आपल्याकडे मूल 'आणलं' म्हणतात ते दत्तकाला. मुंबई इलाख्यात नवऱ्याने मनाई केलेली नसेल, तर विधवेला त्याच्या परवानगीवाचूनही दत्तक घेता येई, आणि तो मुलगा मयत नवऱ्याचाच मुलगा ठरे. रजिस्टरातलं 'वडील सखाराम' खोटं नाही. गंगाबाईंनी नवऱ्याचं घर चालू ठेवलं. तुमच्या वंशावळीत त्यांचं नावच नाही, ते आधी लिहा.

जन्मदाते वडील शोधायचे तर दत्तकपत्राचा तपास करा. घरच्या दप्तरात नसेल तर दुय्यम निबंधकाकडच्या जुन्या नोंदींत पाहा. शेत इनामी, म्हणजे सरकारातून बक्षीस मिळालेलं, होतं का, तेही विचारा. 1852 नंतर इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनने इनामदारांकडून वंशावळी मागवल्या होत्या, त्या काळचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या वहीत लिहून ठेवतात. तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे जाताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगा, वाई सांगून भागणार नाही. वहीत पणजोबांनी स्वतः सांगितलेली नोंद मिळाली तर तिथेही वडील सखारामच असतील, कारण दत्तक मुलगा श्राद्ध दत्तक बापाचं करतो. त्याने निराश होऊ नका. त्याच पानावर भाऊबंदांची नावं असतात, आणि दत्तक शक्यतो भाऊबंदांतूनच घेत. ज्या घरात त्या सुमाराला दोन-तीन मुलगे होते, ती घरं टिपून ठेवा.

आणखी एक वाट आहे, ती कागदावर नाही. दत्तक गेलेल्याच्या वंशात जनक घराण्याशी, म्हणजे तो ज्या घरात जन्मला त्या घराशी, सोयरीक करत नाहीत. घरात कोणी वृद्ध आत्या, काकू असतील तर त्यांना 'पणजोबा कुठून आले' असं विचारू नका, त्या 'ठाऊक नाही' म्हणतील. 'आपल्यात कुठल्या घरची मुलगी करायची नाही असं म्हणत?' असं विचारा. माझ्या माहेरच्या वंशावळीतलं असंच एक तुटलेलं नाव मला या प्रश्नामुळे सापडलं, नव्वदीतल्या मावशीकडून, शेंगा सोलता सोलता. त्याआधी मी चार वर्षं कागद चाळत होते.

उत्तर मिळालं की गावाचं नाव कळवा. तिथले मोडी कागद मी वाचून देईन.