भरती-ओहोटीच्या लायब्ररीला परवाना कोणता द्यावा?

देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढणारी पायथन लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांत वापरता येणारा कोड, तुम्ही लिहिली आहे. ती एमआयटी या मोजक्याच अटींच्या परवान्याखाली खुली करायची आहे आणि सोबत तपासणीची कोणती साधने जोडावीत, असे तुम्ही विचारले आहे. गणिताची दोन फंक्शने एक्सटाइड या भरती-ओहोटीच्या प्रोग्रॅमवरून उतरवून घेतल्याचेही तुम्ही प्रांजळपणे लिहिले आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. आपल्या कोडात दुसऱ्याचे काय काय आले आहे, हे आधी पाहावे लागते. परवाना त्यानंतर ठरतो.

एक्सटाइड जीपीएलखाली आहे, म्हणजे त्याच्या कोडापासून बनवलेले काम वाटायचे तर तेही याच परवान्याखाली द्यावे लागते. त्यातला कोड ओळीओळीने पायथनमध्ये उतरवला तरी ते भाषांतरच ठरते आणि मूळ परवाना त्याच्यासोबत येतो, त्यामुळे त्यावर एमआयटी लावता येणार नाही. एक तर संपूर्ण लायब्ररी जीपीएलखाली द्या, नाही तर ती दोन फंक्शने काढून टाका आणि हार्मोनिक पद्धतीच्या (ठरावीक आवर्तनांची बेरीज करून भरती-ओहोटी काढण्याच्या) सूत्रांवरून, शक्यतो मूळ कोड न वाचलेल्या सहकाऱ्याकडून, नव्याने लिहवून घ्या. सूत्रावर कोणाची मालकी नसते. तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा जुना ठोकताळा कोणीही प्रोग्रॅममध्ये घालू शकतो. मात्र एखाद्याने तो ज्या शब्दांत कोडात मांडला, ती मांडणी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृती मानली जाते. काढलेला कोड गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या इतिहासात शिल्लक राहतो, म्हणून अजून काही प्रसिद्ध केले नसेल तर नवी रिपॉझिटरी (कोडाचे भांडार) उघडणे बरे.

आकड्यांचा विचार वेगळा करावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांतील पाने चाचण्यांसाठी परवानगीशिवाय रिपॉझिटरीत ठेवू नका. खुद्द एक्सटाइडनेही बंदरांचे मुक्त आणि अमुक्त स्थिरांक (भरतीच्या गणिताला लागणारे त्या त्या बंदराचे आकडे) वेगवेगळ्या फायलींत दिलेले आहेत.

साधने फार लागत नाहीत. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर परवान्याचे नाव ठरावीक रूपात सांगणारी एसपीडीएक्सची एक ओळ, ती आहे की नाही हे पाहणारे रीयूज, आणि अवलंबित पॅकेजांचे परवाने दाखवणारे पिप-लायसेन्सेस, ही दोन्ही चाचण्यांबरोबरच प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोणी बदल सुचवला की) आपोआप चालू द्या. तरीही यादीवर डोळे मिटून विसंबू नका. एफएफटी (लहरी वेगळ्या करण्याचे जलद गणित) करणाऱ्या पायएफएफटीडब्ल्यू या पॅकेजचा स्वतःचा परवाना बीएसडी, म्हणजे एमआयटीसारखाच सैल आहे, पण ते ज्या एफएफटीडब्ल्यूवर उभे आहे ते जीपीएलखाली येते. तुमचे काम सायपाय या पायथन पॅकेजमधील एफएफटीने भागत असेल तर तेच वापरा.

फंक्शने नव्याने लिहिली गेली, तर एमआयटीऐवजी अपाचे २.० घ्या, असे मी सुचवीन. २००४ मधील या परवान्यात पेटंटचा वापर करू देण्याचे कलम स्पष्ट आहे, आणि वेगळे काही ठरलेले नसल्यास पाठवलेली भर त्याच परवान्याखाली येते, हेही त्यात लिहिलेले आहे. केवळ जीपीएल २ खाली असलेल्या प्रकल्पांत तो चालत नाही, जीपीएल ३ बरोबर चालतो. इतरांनी पाठवलेल्या भरीच्या परवान्याचा मुद्दा आधी न ठरवण्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या एका जुन्या लायब्ररीला मी परवानाच दिला नव्हता. पुढे तो द्यायचा ठरवला, तेव्हा सहा जणांची संमती लागली, त्यांतला एक जण सापडलाच नाही आणि त्याचा सगळा भाग मला पुन्हा लिहावा लागला. तुम्ही नोकरीत असाल तर करारही वाचून घ्या, कारण नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडाची मालकी सहसा मालकाकडे जाते.

यापैकी कोणताही परवाना अचूकतेची हमी नाकारतोच, पण खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावरून होडी आत घेणारा माणूस परवान्याची फाइल उघडून पाहत नाही. म्हणून रीडमी या लायब्ररीची ओळख करून देणाऱ्या फाइलच्या पहिल्याच परिच्छेदात मराठीत लिहा की वेळा कोणत्या बंदराच्या स्थिरांकांवरून काढल्या आहेत, पाण्याची उंची कोणत्या पातळीपासून मोजली आहे, आणि वारा व पावसाळी लाटा त्यात धरलेल्या नाहीत.