मुलगा आमचाच प्रश्न आम्हाला परत करतो

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. सहा महिन्यांपूर्वी त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. त्याच्या श्रवण तपासणीत दोष आढळला नाही. ‘तुला पाणी हवंय का?’ असे विचारले, की तोही ‘तुला पाणी हवंय का?’ एवढेच म्हणतो. काही बिनसले, की कुठेही पडलेला नसताना ‘लागलं नाही ना बाळाला?’ हे वाक्य घोळवत राहतो. घरातील मोठ्यांना तो वेडावून दाखवतो असे वाटते आणि ते त्याला दटावतात. ही सवय मोडावी का? थेरपिस्टने चित्रांची कार्डे सुचवली आहेत, पण त्यामुळे आहे तेवढे बोलणेही बंद पडेल अशी भीती वाटते.

उत्तर : दटावणे आधी थांबवावे. तुमचा मुलगा वेडावत नाही, तो त्याच्या परीने बोलतो आहे. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांतच प्रश्न परत म्हणणे हा त्यांच्यातील काही मुलांचा ‘हो’ असतो आणि ‘मी’ व ‘तू’ ही सर्वनामे ती ऐकली तशीच वापरतात, हे नोंदलेले आहे. (त्याच लेखातील पालकांच्या अलिप्तपणाबद्दलच्या शेऱ्यांमुळे पुढे कित्येक आयांना विनाकारण दोष सोसावा लागला, स्वमग्नता आईच्या वागण्याने होते ही समजूत केव्हाच खोटी ठरली आहे.)

पुष्कळ स्वमग्न मुले सुटे शब्द जोडत वाक्याकडे येत नाहीत; ती अख्खे वाक्य ते ऐकलेल्या प्रसंगासकट उचलतात आणि मग हळूहळू त्याचे तुकडे करू लागतात. कधी काळी तो पडला असेल, रडला असेल आणि कोणी त्याला जवळ घेऊन ‘लागलं नाही ना बाळाला?’ असे म्हटले असेल. आज त्या वाक्याचा अर्थ ‘मला त्रास होतोय, मला जवळ घ्या’ असा असू शकतो. अशा वेळी ‘कुठे लागलंय?’ अशी उलटतपासणी न करता त्याला जवळ घ्यावे आणि ‘मला आवाज नको’ किंवा जे काही खुपत असेल ते त्याच्या वतीने म्हणावे. मात्र एकदा शरीराकडेही पाहावे. कान किंवा दात खरोखरच दुखत असू शकतो.

तो जे ऐकतो तेच उचलतो, म्हणून त्याच्या तोंडी शोभेल असेच वाक्य त्याच्या कानावर पडू द्यावे. तो पाण्याकडे बघत असेल तर प्रश्न न विचारता ‘मला पाणी हवंय’ असे म्हणून पेला पुढे करावा. मराठीत याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे क्रियापदाचे लिंग. दिवसभर आईचे ‘मी आले’, ‘मी जेवले’ ऐकणारा मुलगा तेच म्हणणार. म्हणून त्याच्या वतीने बोलताना ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असे म्हणावे. तो चुकला तर ‘असं नाही, असं म्हण’ असा धडा देऊ नये. योग्य वाक्य सहज म्हणावे आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहावे. हे गप्प राहणे फार जड जाते, पण एरवी आपण त्याची पाळी येण्याआधीच पुढचा प्रश्न टाकलेला असतो.

तो कोणते वाक्य कधी आणि कशाच्या आधी म्हणाला, हे दोन आठवडे वहीत टिपून थेरपिस्टला दाखवावे. असलेले शब्द गळू लागले तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

कार्डांची भीती बाळगू नये. आजवरच्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणे मागे पडल्याचे दिसलेले नाही, उलट काही मुलांचे बोलणे थोडे वाढल्याचे आढळले आहे. त्याने पाण्याचे कार्ड हातात दिले, की ‘मला पाणी हवंय’ असे म्हणत लगेच पाणी द्यावे. आधी शब्द म्हण, मगच पाणी, अशी अट घालू नये.