अजिंठ्याच्या चित्रप्रतींचे प्रदर्शन सातवीच्या वर्गात कसे आणता येईल?

चाळीस मुलांना प्रदर्शनापर्यंत नेणे शक्य नाही आणि पुस्तकातील छायाचित्रे मुले क्षणभर पाहून पान उलटतात, अशी आपली अडचण आहे. मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली आहे. संपूर्ण प्रदर्शन वर्गात आणू पाहू नये, एकच चित्र निवडून त्याला आठवडा द्यावा, असे मला वाटते.

मी दहाव्या लेण्यातील षड्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेचे चित्र, घेत असे. सहा सुळ्यांचा हत्ती, ते सुळे आणणारा शिकारी आणि ते पाहताच मूर्च्छित होणारी राणी अशी ही कथा आहे. पण ती आधी सांगू नये. चित्र फार झिजलेले आहे, त्यामुळे मोठ्या छापील प्रतीत हत्ती शोधता शोधताच मुले त्यात रमतात.

छायाचित्रातून हरवते ती भिंत. अजिंठ्याची चित्रे माती, तूस आणि वनस्पतींचे धागे यांच्या वाळलेल्या गिलाव्यावर, चुन्याचा पातळ हात देऊन, गेरू, पिवळी माती, काजळी अशा रंगांनी काढलेली आहेत. घरचे सारवण पाहिलेल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. फळीवर असा गिलावा करून घ्यावा. माझ्या वर्गात पहिल्या वेळी तूस कमी पडले आणि वाळताना तडे गेले. तूस कशासाठी घालतात हे मुलांना त्या तड्यांमुळेच समजले.

त्यानंतर प्रतींचा इतिहास सांगावा, कारण माझ्या मते आपल्या विषयाचा गाभा तोच आहे. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे १८७२ पासून चित्रकार जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रती करवून घेतल्या, आणि १८८५ मध्ये त्यांतील अनेक प्रतीही लंडनमध्येच जळाल्या. लेण्यात बसून रेषेमागून रेष उतरवणारे ते हात आपल्याच मुंबईतील विद्यार्थ्यांचे होते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

मग दोघादोघांना हत्तीची सोंड किंवा राणीचा हात असा एकच तुकडा उतरवायला द्यावा आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात. कोणाची रेषा बरोबर, हे ठरवण्यासाठी मुले आपण होऊन मोठ्या छापील चित्राकडे उठून जातात. त्या वेळी तास संपत आला असला तरी त्यांना थांबवू नये.