जळालेली मोटर भरणारा (म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळणारा) मिस्त्री शेजाऱ्याची मोटर दोन दिवसांत देतो, माझी मात्र आठ दिवस पडून राहते. असं का?

भाऊ, शेजाऱ्याचा वशिला असेलच असं नाही. मोटर दुकानात कशी येते, तिच्यासोबत काय येतं आणि मालक काय सांगतो, यावरून मिस्त्री मनातल्या मनात नंबर लावत असतो.

हरभरा-गव्हाचं ओलित सुरू झालं की दुकानापुढे मोटरांचा ढीग लागतो. त्यातल्या निम्म्या मालकांचं एकच वाक्य, "जळली, भरून ठेव, संध्याकाळी नेतो." मग खर्च विचारायला मिस्त्रीने फोन केला तर उचलत नाहीत. अशी मोटर भिंतीकडे सरकते. त्यापेक्षा एवढं सांगा: किती एचपी, बोर किती फूट, पाणी हळूहळू कमी झालं की मोटर एकदम बंद पडली, आधी ट्रिप मारत (आपोआप बंद पडत) होती का, रात्री व्होल्टेज किती असतं. ३५०च्या खाली व्होल्टेजवर चालवत असाल तर तेही सांगा.

लोक सगळ्यात जास्त लपवतात ते तीन फेजची मोटर कन्डेन्सर लावून दोनच फेजवर चालवलेलं. लपत नाही हो ते. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजच्या कॉइलींचं एकेक टोक एकत्र जोडलेल्या) मोटरला चालता चालता एक फेज गेली, तर दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर होतात आणि तिसरी कोरी राहते. सगळ्या सारख्या भाजल्या असतील तर कमी व्होल्टेज, ओव्हरलोड किंवा जाम झालेला पंप. एकाच जागी फुटल्यासारखा डाग दिसला तर तिथलं इन्सुलेशन (तारेवरचं आवरण) गेलेलं. तुम्ही म्हणता "लाइन एकदम बरोबर होती", कॉइल सांगते भलतंच. मिस्त्री वाद घालत बसत नाही. गुपचूप भरून देतो, गॅरंटी नाकारतो आणि कारणही सांगत नाही. महिनाभरात मोटर पुन्हा बोरातून बाहेर! उघडताना शक्यतो समोर थांबा आणि "कशानं जळली?" एवढं विचारा. ज्याला कारण हवं असतं त्याचं काम मिस्त्री मन लावून करतो.

उभ्या उभ्या घाई केली की पहिली कात्री टेस्टिंगला लागते. आत पाणी भरायच्या सबमर्सिबलचं (बोरात बुडवून चालवायच्या मोटरचं) नवं वायंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, रात्रभर पाण्यात ठेवून मग मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायला हवा. तुम्ही गाडी घेऊन दारात उभे, तर तो कोरड्यातच मेगर लावून देणार. तारेला कुठे ओरखडा असेल तर तो पाण्यातच उघडा पडतो, म्हणजे तुमच्या बोरात.

पैशाचं उघड बोलावं. तांब्याची तार त्याला रोखीत आणावी लागते. "कापूस विकला की देतो" म्हटलं तर तोंडावर नाही म्हणणार नाही, मोटर मागे ठेवेल. निम्मे पैसे आधी दिले की तार त्याच दिवशी येते. पाचशे रुपये तोडण्यापेक्षा त्या पैशात काय काय येतं ते विचारा: बुश, थ्रस्ट बेअरिंग, सील नवे की जुनेच? भाव फार पाडला तर जुनेच परत बसतात, आणि त्याला मी एकट्या मिस्त्रीचा दोष मानत नाही. जुनी जळकी तार कोणाची, हेही तेव्हाच ठरवा. निम्मी भांडणं त्या भंगारावरूनच होतात.

मोटरसोबत स्टार्टरही न्या. सारखी ट्रिप होते म्हणून रिलेचा (करंट वाढला की मोटर बंद करणाऱ्या भागाचा) काटा शेवटपर्यंत फिरवलेला असतो. डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये तो मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर हवा. केबल मोटरजवळ कापू नका, जुन्या जॉइंटवर सोडवा.

मोटर बोरात सोडल्यावर पाणी कमी आलं तर "नीट भरली नाही" म्हणून लगेच दुकानात भांडायला जाऊ नका. मेन स्विच बंद करून स्टार्टरवरच्या मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करून बघा. बरेचदा ती नुसती उलटी फिरत असते.