परक्या अंथरुणावरची पहिली रात्र
परक्या ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा गोलार्ध गाढ झोपेतही काहीसा जागता राहतो, हे ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. तेव्हा तुमची झोप उडते, यात तुमचा दोष नाही. घबराटीने छाती धडधडू लागली, की ती लाट साधारण १० मिनिटांत शिखर गाठून ओसरू लागते, एवढे लक्षात ठेवून श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. मी तळवे गार फरशीवर टेकवून एकेका बोटाचा स्पर्श मोजत बसतो. घरच्या उशीचा अभ्रा सोबत न्यावा (कोणी हसले तरी), आणि अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही, तर घड्याळ न पाहता उठून बसावे. सोबत्याला मात्र आधीच सांगून ठेवावे. लपवण्याच्या धडपडीतच माझ्या कित्येक रात्री गेल्या.